पिवळी आठ सेकंदांच्या आत

गहिनीनाथ,

हे पत्र तू स्वतः वाचणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुझा चष्मा शेडमध्ये कुठल्या तरी बॉनेटवर पडलेला असेल. सविताला वाचायला सांग, आणि ती वाचत असताना मधूनमधून “आसं न्हवतंच ते” करू नकोस. पिवळीची गोष्ट गावभर भलतीच झाली आहे. परवा केडगावात एकानं मला छातीठोकपणे सांगितलं की, तू त्या मोटारीत विमानाचं इंजिन घातलंस. मी म्हटलं, अहो, विमानाचं इंजिन आत न्यायला आधी त्याच्या शेडचं दार तरी तेवढं हवं! तेव्हा एकदा नीट लिहून टाकते. ‘तू’ आणि ‘मी’ करत बसले तर निम्मा वेळ तुझ्यावर ओरडण्यात जाईल. म्हणून इथून पुढं तू गहिनीनाथ मिस्त्री आणि मी नुसती बाई. ऐक आता.

नागापूरला एमआयडीसीतले मोठे कारखाने मागे पडले की लेथवाल्यांची गल्ली लागते. तिच्या टोकाला पत्र्याचं एक शेड आहे, पाटी नसलेलं. गहिनीनाथ मिस्त्री तिथं बारा वर्षांपासून मोटारी दुरुस्त करतो. त्याआधी अकरा वर्षं तो एका कारखान्यात गिअर कापत होता. एकदा एका गिअरचा दात केसभर चुकला. साहेब म्हणाला, जाऊ दे माल. गहिनीनाथ म्हणाला, न्हाई जाऊ देत. माल गेला आणि पाठोपाठ गहिनीनाथही गेला. तेव्हापासून तो कुणाचा नोकर झाला नाही, आणि हे सांगताना त्याची मान अजून जरा ताठ होते.

गिऱ्हाईक तो निवडून घेतो. एक कॉलेजकुमार आला, म्हणाला, मिस्त्री, असा सायलेन्सर बसवा की चौकात माणसं दचकली पाहिजेत. गहिनीनाथनं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, “तुला आवाजच पायजे ना? मग घंटागाडीवर लाग कामाला. रोज सकाळी अख्खी गल्ली बाहेर येती.” पोरगा परत फिरकला नाही. सविता, म्हणजे मिस्त्रीची बायको, त्या दिवशी रात्रीपर्यंत धुसफुसत होती. आलेलं काम असं चहा पाजून घालवणारा नवरा तिच्या माहेरच्या अख्ख्या गोतावळ्यात दुसरा नव्हता.

बाईंची त्याच्याशी ओळख झाली ती क्लचप्लेटमुळे. बाई केडगावच्या, कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. आपली छोटी मोटार स्वतः चालवतात, आणि पुढचा माणूस हळू बोलला तरी त्यांना वाटतं, हा वेळ काढतोय. मिस्त्रीनं “अर्ध्या तासात देतो” म्हटलं आणि तीन तास लावले, तेव्हा त्या चिडून शेडमध्येच स्टूल ओढून बसल्या. पाहता पाहता त्यांचा राग गेला. लाकडाचा एक दांडका इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावून हा माणूस डोळे मिटून उभा होता, आणि म्हणाला, “तिसऱ्या सिलेंडरात कायतरी खुसूखुसू चाललंय.” उघडलं तर खरंच तिसऱ्यातच होतं. तेव्हापासून बाई कामाशिवायही येऊन बसायला लागल्या.

श्रावणात अश्विनी पिवळी घेऊन आली. अश्विनी पारनेरची, घरी कांद्याची शेती. पुण्यात इंजिनिअर आहे. पगारातून पैसे साठवून तिनं जुनी, दोन दारांची, पिवळीधमक स्पोर्ट्स कार घेतली होती. ठेंगणी, रुंद चाकांची, रस्त्याला पोट टेकवून बसल्यासारखी.

“काका, हिला आठच्या आत आणायचंय.”

“आट काय?”

“आठ सेकंद. उभ्या गाडीपासून ताशी शंभरपर्यंत. आत्ता नऊ पॉइंट एक लागतात. हिवाळ्यात पुण्याजवळ शर्यत आहे. टर्बो नसलेल्या गाड्यांच्या गटात आठच्या आत असल्याशिवाय नावच घेत नाहीत.”

“मग टर्बो बसवून दुसऱ्या गटात जा की,” बाई म्हणाल्या.

“पुण्यातला एक जण तेच म्हणतोय. दसऱ्यापर्यंत काकांनी केलं तर ठीक, नाहीतर त्याच्याकडं टाकते.”

टर्बोचं नाव काढताच गहिनीनाथचा चेहरा बिघडला. गाडीच्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्या पंख्यानं इंजिनाच्या नरड्यात हवा कोंबायची, हे त्याला जबरदस्तीनं लेकराला जेवू घालण्यासारखं वाटे. “लेकराला भूक लागंल आसं करा ना,” तो म्हणाला. “कोंबून कोंबून जेवलेलं लेकरू पळतंय व्हय? आन हे इंजिन कोंबाकोंबीसाठी बांधलेलंच न्हाई. ताई, गाडी ठिवून जा. दसऱ्याच्या आत देतो.”

हे शब्द तोंडातून गेले आणि शेजारी बसलेल्या सवितानं ते पकडले. त्याला कारण होतं. गहिनीनाथचा थोरला भाऊ रंभाजी पारनेरला टेम्पोचं गॅरेज काढत होता, दसऱ्याच्या मुहूर्तावर. गेलं वर्षभर तो मागं लागला होता, की नागापूरचं शेड सोड आणि भागीत ये. टेम्पोला मरण नाही, क्लचप्लेट रोज जळतात. सविताचं माहेरही तिकडंच.

“मग माझ्यासमोर दादांना सांगा,” सविता म्हणाली. “दसऱ्यापर्यंत ही पिवळी आठच्या आत आली, तर मी पारनेरचं नाव काढणार नाही. नाही आली, तर शेडला कुलूप लावायचं आणि निघायचं. रोजची घंटागाडीवाली भाषणं मला ऐकवायची नाहीत.”

गहिनीनाथनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी छताकडं पाहिलं. त्यानं फोन लावला आणि भावाला शब्द दिला. रंभाजी खुशीत म्हणाला, “पाटीवाल्या पेंटरला सांगून ठिवतो. दोन नावांची जागा सोड म्हनून.”

कामाला हात घालायच्या आधी गहिनीनाथ दोन दिवस पिवळीभोवती नुसता फिरला. त्याची एक रीत होती: आधी श्वास, मग वजन, मग पाय. हवा आत सुखानं गेली पाहिजे आणि धूर बाहेर सुखानं पडला पाहिजे. मग अंगावरचं ओझं उतरवायचं. मग चाकं बघायची. पण चाकांपाशी अश्विनीनं आधीच खोडा घालून ठेवला होता. “चाकांना हात लावायचा नाही हं काका. रुंद चाकं मी हौसेनं बसवलीत, तेवढीच तर शान आहे.” गिऱ्हाइकाची हौस म्हणून त्यानं चाकांचा विचार डोक्यातून काढून टाकला.

श्वासाचं काम छान झालं. हवेची नळी त्यानं गरम इंजिनावरून काढून पुढच्या जाळीपाशी नेली, म्हणजे थंड हवा मिळेल. धुराच्या चार नळ्या सारख्या लांबीच्या वाकवून घेतल्या. एका नळीत बोटभर फरक पडला तर ती उचकटून पुन्हा केली. मग फ्लायव्हील काढलं. इंजिनाच्या पाठीमागं फिरणारी ती जड लोखंडी थाळी. लेथवर चढवून त्यानं तिच्या कडेचं लोखंड असं जपून उतरवलं की बाईंना श्वास रोखून बसावं लागलं. पुण्याचा माणूस फोनवर अश्विनीला शिकवत होता, व्हॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट बदलायला सांग, इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा वाढवायला सांग. गहिनीनाथ म्हणाला, “वाढव म्हनावं. आतल्या स्प्रिंगा तुटून व्हॉल्व पिस्टनवर आदळल्यावर गोळा करायला तूच ये.”

भाद्रपद संपता संपता पिवळी साडेआठावर आली. आता वजन.

मागची नावाला असलेली सीट काढली. जादा चाक, जॅक, गाण्याचा भलामोठा डबा, खालचे गालिचे, दारांतला कापूस, सगळं सुटं करून कांद्याच्या बारदानी पोत्यांत भरलं. किती वजन उतरलं ते बघायला नेप्तीच्या रस्त्यावरचा भुईकाटा होता. तिथं कांद्याचे ट्रक मोजतात. काट्यावरचा राधाकृष्ण गहिनीनाथच्या ओळखीचा. सामान काढायच्या आधी गहिनीनाथ आणि अश्विनी एकदा पिवळी घेऊन काट्यावर गेले होते, तेव्हा आकडा पडला होता बाराशे चाळीस किलो. सामान काढल्यावर पुन्हा गेले. कांद्याच्या दोन ट्रकांमध्ये ही पिवळी उभी. हमाल हसत होते. “मिस्त्री, ह्यो कंचा वाण?” एकानं विचारलं. गहिनीनाथ खाली उतरून दिव्यांच्या लाल आकड्यांचा मोबाईलवर फोटो काढत होता, अश्विनी त्याच्या खांद्यावरून डोकावत होती. एक हजार चाळीस!

“दोन क्विंटल!” तो ओरडला. “ताई, दोन क्विंटल मोटार कमी झाली!”

त्या आनंदात त्यानं हमालांना भेळ खाऊ घातली. बाईंनी शेडमध्ये खडूनं भिंतीवर हिशेब मांडला: एवढं वजन गेलं, तर साडेआठाचे सात आणि थोडं. सात! गहिनीनाथ सविताकडं बघून नुसता मिशीत हसला. सविता चहाची भांडी आपटत राहिली.

शेडमागं एका बंद पडलेल्या कारखान्याचं आवार आहे. त्यात सरळ सिमेंटची लांबच लांब पट्टी. राखणदार वैजनाथ फाटक लावून घ्यायचा आणि आत चिटपाखरू नाही याची खात्री करून मगच हात दाखवायचा. अश्विनीनं मोबाईलचं वेग मोजणारं ॲप लावलं, गाडी सोडली. आठ पॉइंट एक. पुन्हा सोडली. आठ पॉइंट एक. तिसऱ्यांदा आठ पॉइंट दोन.

जाताना अश्विनी एवढंच म्हणाली, “काका, दसऱ्याला चार दिवस राहिलेत. त्या पुण्याच्या माणसाला मी अजून नाही म्हटलेलं नाही.”

गहिनीनाथ त्या संध्याकाळी जेवला नाही. दोन क्विंटल उतरवून गाडी पळत का नाही? त्यानं ब्रेक सुटल्यावरही चाक धरून ठेवतात का पाहिलं. दांडका लावून बेअरिंग ऐकली. फोटोतले आकडे दहादा बघितले. रंभाजीचा फोन आला, “पेंटर इचारतोय, नाव टाकू का?” त्यानं फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सविता शेड झाडायला आली. खंडेनवमी जवळ आली होती. त्या दिवशी हत्यारं पुजायची तर आधी जागा स्वच्छ हवी. पिवळीचं सामान भरलेली तीन पोती वाटेत होती. सवितानं पहिलं पोतं एका हातानं धरलं आणि भिंतीकडं सरकवलं. दुसरं उचलून कमरेवर घेतलं. तिथंच थांबली.

“अहो, हीच का तुमची दोन क्विंटल?”

“व्हय.”

“मी कांद्याच्या घरची आहे. भरलं पोतं पन्नास किलोचं असतं, ते उचलायला दोघं लागतात. हे तर मी कमरेवर घेतलंय! तिन्ही मिळून साठ-बासष्टच्या वर नाहीत.”

बाई स्टुलावरून उठल्या. गहिनीनाथनं एक पोतं उचललं, दुसरं उचललं, आणि खाली बसला. तिघं ती पोती बाईंच्या मोटारीत टाकून काट्यावर गेले. राधाकृष्णानं छोट्या काट्यावर पोती ठेवली. बासष्ट किलो.

“मग माझी बाकीची एकशे अडतीस कुटं गेली?” गहिनीनाथनं विचारलं.

राधाकृष्णानं थोडा वेळ आठवलं, मग कपाळावर हात मारला. “मिस्त्री, पैल्या टायमाला तुमी दोगं आतच बसून हुता की! आमच्यात ड्रायवर भरल्या गाडीला बी आत असतो आन रिकाम्या गाडीला बी. म्हंजे कटून जातो. दुसऱ्या टायमाला तुमी फोटू काढाय खाली उतरला. ताईबी उतरल्या.”

“तू सांगायचं न्हाईस व्हय?”

“तुमी भेळ देत हुता. मला वाटलं, तुमास्नी ठावं आसंल.”

“म्हणजे दोन क्विंटल मोटार कमी झाली, त्यात सव्वा क्विंटलाच्या वर तुम्ही दोघं होतात,” बाई म्हणाल्या, आणि हसू आवरेना म्हणून तोंडाला पदर लावला. सविताही हसली. गहिनीनाथ मात्र काट्याच्या लोखंडी फळ्यांकडं बघत राहिला. गिअरच्या केसभर दातासाठी नोकरी सोडणारा माणूस, आणि आपलं स्वतःचं वजन मोजायला विसरला.

परत येताना मोटारीत त्याचा आवाज अगदी उतरला होता. “बाई, आता उतरवायला कायच ऱ्हायलं न्हाई. इंजिन उगडून कॅम बदलायचा म्हनला तर दसरा जातो. दादाला सांगतो, टाक माझं नाव.”

“सांग. पण त्याआधी मला ते पळणं पुन्हा दाखव,” बाई म्हणाल्या. अश्विनीनं मोबाईलवर गाडीच्या वेग दाखवणाऱ्या काट्यांचं चित्रण केलं होतं, ते तिनं दोघांना पाठवलं होतं. शेडमध्ये बसून बाईंनी ते सतरा वेळा पाहिलं, थांबवून थांबवून. गहिनीनाथ उगाच पाने पुसत होता.

“हे शेवटी काय होतंय रे? शंभर व्हायच्या जरा आधी गाडी अडखळते.”

“तिसरा गिअर पडतो ना.”

“त्यात किती वेळ जातो?”

“आसंल अर्धा सेकंद.”

“मग तिसरा टाकायचाच कशाला? दुसऱ्यावरच शंभर होऊ दे!”

“बाई, फिजिक्स तुमाला येतंय, पण गाडी मला येती,” गहिनीनाथ जरा तडकून म्हणाला. “दुसरा सत्त्यान्नवला संपतो. इंजिनाच्या फेऱ्याच संपत्यात. तीन किलोमीटरसाठी तिसरा टाकावाच…”

तो बोलता बोलता थांबला. हातातला पाना त्यानं हळूच खाली ठेवला. मग खडू घेऊन तो पिवळीच्या पुढच्या चाकाजवळ बसला, टायरवर एक रेघ ओढली, जमिनीवर एक रेघ ओढली, आणि म्हणाला, “बाई, ढकला.” चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी आणि सवितानं मिळून गाडी ढकलली. चाकाची एक फेरी झाली, रेघ पुन्हा जमिनीला टेकली. त्यानं टेप लावली. एक मीटर चौऱ्याऐंशी.

“कंपनीच्या चाकाची फेरी एक ब्याण्णवची आस्ती,” तो म्हणाला. “ही रुंद चाकं रुंद हायत, पर बुटकी हायत. फेरीमागं आट सेंटिमीटर खाल्लं. उंच चाक लावलं तर तेवढ्याच फेऱ्यांत दुसरा…” खडू भिंतीवर करकरला. “एकशे एक! बाई, दुसऱ्यावरच शंभर व्हतंय!”

“मी तेच तर म्हणत होते,” बाई म्हणाल्या.

सगळं जग गाडी पळवायला रुंद चाकं लावतं, आणि इथं अडचण रुंद चाकांचीच होती. अश्विनीला फोन लावला. ती आधी कुरकुरली, शानेचा प्रश्न होता. मग म्हणाली, “जुनी चाकं पारनेरला आहेत. आजीकडं. कुठं आहेत ते विचारू नका, जाऊन बघा.”

खंडेनवमीच्या सकाळी गहिनीनाथ बाईंच्या मोटारीतून पारनेरला गेला. अश्विनीच्या मळ्यात कांदा साठवायची लांब चाळ होती आणि तिच्या पत्र्यावर, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून, दगडांच्या जोडीला चार टायर ठेवले होते. टायरांच्या आत पिवळीच्या कंपनीच्या चकचकीत रिंगा. गहिनीनाथ शिडी लावून वर चढला तशी अश्विनीची आजी आक्काबाई काठी घेऊन बाहेर आल्या.

“कोन रं त्यो पत्र्यावर?”

“मी मिस्त्री, आज्जी. अश्विनीताईनं पाठवलंय. चाकं न्यायचीत.”

“आन माज्या पत्र्यावर काय ठिवू? तुला बसवू का?”

“बसवला असता,” खालून बाई म्हणाल्या, “पण याच्या वजनाचा सध्या घोळ आहे.”

आक्काबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण बाईंचं बोलणं आवडलं. चहा झाला. गहिनीनाथनं टायरला नख लावून पाहिलं, वर्षभराच्या उन्हानं रबर कडक झालं होतं. रिंगा मात्र सरळ होत्या, आणि उचलून बघतो तर रुंद चाकांपेक्षा हलक्या. “आज्जी, हे टायर आमाला नकोतच, नुसत्या रिंगा पायजेत. टायर तुमचे तुमाला परत आणून देतो. तवर दगडं लावून जातो.”

“कदी देशील?”

“येत्या रविवारी,” गहिनीनाथ म्हणाला.

“आम्ही दोघंच आणून देऊ,” बाईंनी पुस्ती जोडली.

केडगावच्या टायरवाल्यानं दुकानात झेंडूची माळ लावायला घेतली होती. बाईंनी त्याला माळ खाली ठेवायला लावली. नवे टायर रिंगांवर चढले. जुने चार बाईंच्या पोर्चमध्ये उतरवले आणि दोघं नागापूरला पोचले, तेव्हा दुपार कलली होती आणि सवितानं पाट मांडला होता. सगळे पाने, हातोड्या, ड्रिल, दांडकासुद्धा, हळदीकुंकू लावून, फुलं वाहून ओळीनं ठेवलेले. पूजा झाली की हत्यारं दसरा संपेपर्यंत उचलायची नाहीत, ही गल्लीतली रीत. सगळे लेथ बंद होते.

गहिनीनाथ दारात उभा राहिला. पाटावर चाकांचा पाना होता. त्याला एवढाच हवा होता. सविताला मागायचा तर कोणत्या तोंडानं मागणार? पाना मिळाला नाही, तर उद्या गाडी पळणार नाही आणि सविता माहेराजवळ जाणार.

सवितानं त्याच्याकडं पाहिलं, मग बाहेर मोटारीच्या टपावर बांधलेल्या चाकांकडं. ती वाकली, चाकांचा पाना उचलला, त्यावरचं फूल काढून पाटावरच ठेवलं आणि पाना त्याच्या हातात दिला.

“पुजलं म्हणजे हत्याराला रजा दिली असं थोडंच आहे,” ती म्हणाली. “पण घसरू देऊ नका, हळद लागलीय.”

दसऱ्याच्या सकाळी वैजनाथनं फाटक लावलं. अश्विनी पिवळीत बसली. उंच, अरुंद चाकांवर पिवळी जरा शाळकरी दिसत होती, आणि अश्विनीनं ते बोलूनही दाखवलं. बाईंच्या हातात घड्याळ. सविता आपट्याची पानं घेऊन आली होती. गहिनीनाथ पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

“बघत का नाहीस?” बाईंनी विचारलं.

“मी ऐकतो.”

गाडी सुटली. पहिला. दुसरा. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि खट्. आवाज तुटला. गहिनीनाथ गर्रकन वळला. “तिनं तिसरा टाकला! का टाकला?”

आठ पॉइंट शून्य. अश्विनी गाडीतून उतरली ती स्वतःवरच चिडलेली. “सवय, काका! सत्त्यान्नवला हात आपोआप गेला.”

“हात मांडीवर ठिवायचा,” गहिनीनाथ म्हणाला. त्याच्या मिशीवर घाम होता. “दुसरा पडला की हाताचं काम संपलं. मग नुसतं ऐकायचं.”

पुन्हा गाडी लागली. तो पुन्हा भिंतीकडं वळला. पहिला गिअर, आवाज चढला. दुसरा, आवाज चढायला लागला. जिथं मघाशी तुटला होता ती जागा आली, आणि आवाज तिथून तसाच वर गेला, न तुटता, बारीक होत, ताणलेल्या तारेसारखा. गहिनीनाथनं डोळे मिटून घेतले. नंतर ब्रेकांचा आवाज आला, मग काही नाही, मग लांबून अश्विनीची किंकाळी.

सात पॉइंट सात.

वैजनाथनं फाटकाला टेकवलेली काठी हवेत उडवली. बाई नाचल्या असं काही जण सांगतात, त्या फक्त दोन पावलं पुढं गेल्या. सवितानं आपट्याचं पान आधी पिवळीच्या बॉनेटवर ठेवलं, मग नवऱ्याच्या हातावर.

इतक्यात रंभाजीचा फोन. पाटी टांगायची होती, पेंटर ब्रश घेऊन उभा होता.

“दादा, नाव नको टाकू.”

“मग सोडलेल्या जागेत काय टाकू?”

“टेम्पोचं चित्र काढ.”

रंभाजीनं खरंच टेम्पोचं चित्र काढून घेतलं. सविता दिवाळीला माहेरी गेली, नेहमीपेक्षा चार दिवस जास्त राहिली, आणि परत आली. हिवाळ्यात पिवळी शर्यतीत सहावी आली, बावीस गाड्यांत. त्यानंतर अश्विनीच्या दोन मैत्रिणींच्या गाड्या शेडमध्ये उभ्या राहिल्या, आणि पाटी नसलेल्या दारात पुण्याच्या नंबराच्या मोटारी दिसायला लागल्या. आता काट्यावर नेताना गहिनीनाथ आधी सगळ्यांना खाली उतरवतो, मग आत कोणी राहिलं का ते खिडकीतून डोकावून बघतो.

पण आक्काबाईंचे टायर परत द्यायला त्या रविवारी पारनेरला जायचं होतं, ते काही झालं नाही. पहिल्या रविवारी मिस्त्री एका निळ्या गाडीच्या खाली होता. दुसऱ्या रविवारी बाईंचा गुडघा धरला. तिसऱ्या रविवारी दोघं मोकळे होते, तर दोघांनाही वाटलं, दुसरा नेऊन देणार आहे. आक्काबाईंचा निरोप दोनदा आला, वारा सुटलाय म्हणून. बाई म्हणाल्या, हा माणूस येईल तेव्हा निघू. मिस्त्री म्हणाला, बाई म्हणतील तेव्हा निघू. शेवटी चाळीतला कांदा विकला गेला, चाळ रिकामी झाली, आणि ते चार टायर केडगावात बाईंच्या पोर्चमध्ये एकावर एक तसेच उभे आहेत.